बंटीचा खायचा हुकूम

चहा घेताघेता आमच्या आप्पांचं एक सांगतो. आप्पा म्हंजे माझे वडील. फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर होऊन आष्ट्याला आले आन पहिलं काय केलं, तर ओंजळीत मावंल एवढं पॉमेरियनचं पिल्लू आणलं. नाव बंटी. अंगणात त्याला रोज 'बैठ', 'सावधान'. हुकमाबिगर ताटलीला तोंड लावायचं न्हाई. दूधभाकरी मात्र गोठ्यात नेऊन एकटेच चारायचे.

मग आप्पा लग्नाला पाटणला गेले. बंटी ताटलीपुढं बसला, पण खाईना. मी फौजी आवाजात 'खाओ' म्हणलं, 'शुरू कर' म्हणलं, 'विश्राम' पण म्हणून बघितलं. ते नुसतं माझ्या तोंडाकडं बघतंय. सांजपर्यंत उपाशी. शेवटी फोन लावला.

"आवं आप्पा, खायचा हुकूम काय शिकवलाय ह्याला?"

आप्पा म्हणाले, "फोन ताटलीपाशी ठेव. आन तू भायेर जा."

मी स्पीकर लावला आन दाराआड उभा राहिलो.

"खा रं माझ्या सोन्या. भूक लागली व्हय लय?"

बंटी लपालपा खाया लागला.

चाळिशी आली माझी, गड्यांनो. आप्पांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.