लाल लागलं की थांबायचं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉ. आशाताई मनाळ, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले, आपलेच माजी विद्यार्थी आणि आता जिल्ह्यातल्या नाला खोलीकरणाच्या कामांचे वरिष्ठ अधिकारी श्री. कडूबा गायके साहेब; आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होत असलेले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आणि माझे जन्माचे मित्र डॉ. मल्हारराव सोन्ने; सौ. सारजावहिनी; सहकारी प्राध्यापक, कार्यालयातले बंधू-भगिनी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

सूत्रसंचालकांनी मला जिना चढतानाच बजावलं, "ठोंबरे सर, थोडक्यात बोला आणि गोड बोला." थोडक्यात बोलायचा प्रयत्न करतो. गोडाचं मी काही कबूल केलेलं नाही.

खरं तर मी घरून भाषण तयार करून आणलं होतं. त्यात मल्हाररावांचा साधेपणा होता, त्यांच्या जुन्या स्कूटरवर दोन विनोद होते, वहिनींच्या सहनशीलतेचं कौतुक होतं. पण प्रास्ताविकात एक वाक्य आलं आणि ते भाषण खिशातच राहिलं. वाक्य असं होतं, "सरांच्या संशोधनाचा शासनाच्या धोरणाला मोलाचा उपयोग झाला." टाळ्या पडल्या. गायके साहेबांनीही वाजवल्या. मी इतिहासाचा मास्तर आहे. खोटा इतिहास डोळ्यांदेखत लिहिला जात असताना मी गप्प बसावं का? आणि तेही माझ्या मित्राच्या सत्कारात, त्याच्याच नावावर?

तेव्हा काय उपयोग झाला, ते ऐकाच.

मल्हाररावांची शिकवायची एक रीत होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दर वर्षी ते एम.एस्सी.ची पोरं वैजापूर तालुक्यात वडाचीवाडीला न्यायचे. ते माझ्या थोरल्या बहिणीचं, दगडाबाईचं सासर. तिच्या सासऱ्यांनी पोलिस ॲक्शननंतर, रझाकारांची धास्ती सरल्यावर, शेतात एक विहीर खोदली होती. पायऱ्यांची, भली रुंद. मल्हारराव पोरांना त्या विहिरीत उतरवायचे. आपला इकडचा काळा पाषाण थरांवर थर असा बसलेला आहे. दोन थरांच्या मधे कुठं कुठं गेरूसारखा लाल, चिकट थर सापडतो. वरून मुरलेलं पाणी त्याच्यावर येऊन थांबतं आणि आसपासच्या विहिरींना पुरतं. तो थर फोडला की पाणी खालच्या भेगांत निघून जातं. ते परत कुणाला सापडत नाही. एवढीच गोष्ट आहे. मला इतिहासवाल्याला कळली, म्हणजे कुणालाही कळावी.

पण मल्हारराव ती फळ्यावर सांगून थांबायचे नाहीत. प्रत्येकानं विहिरीत उतरून त्या थराला हात लावायचा. हात लाल झाल्याशिवाय प्रात्यक्षिक पुरं नाही. पोरं वर यायची ती कपाळापासून ढोपरापर्यंत रंगलेली. माझी बहीण कपाळावर हात मारून म्हणायची, "मास्तर, ही पोरं शिकाया आलीत का रंगपंचमी खेळाया?" आणि मल्हारराव हसून म्हणायचे, "ताई, यातलं एखादं उद्या साहेब होईल. त्याला एवढं एकच आठवलं तरी बास. लाल लागलं की थांबायचं."

एक साहेब झाला. आज तो या व्यासपीठावर बसला आहे.

गायके साहेब, माझ्याकडं असं बघू नका. तुम्ही हुशार विद्यार्थी होतात. परीक्षेत याच थरावर प्रश्न आला होता आणि तुमचं उत्तर मल्हाररावांनी पुढच्या वर्गाला वाचून दाखवलं होतं. मला ठाऊक आहे, कारण त्या आनंदात त्यांनी मला कँटीनमध्ये चहा पाजला होता. आणि मल्हारराव चहा सहजासहजी पाजत नाहीत, हे वहिनीही सांगतील.

पुढं वडाचीवाडीच्या नाल्याचं खोलीकरण निघालं. योजना चांगली. पाणी अडवू नका असं कोण म्हणेल? मल्हारराव आपण होऊन साहेबांच्या कार्यालयात गेले. म्हणाले, खोदा, पण आधी जागोजागी चाचणीचे खड्डे घ्या. लाल थर कुठं किती खाली आहे ते बघा आणि त्याच्या वर थांबा. पैसे लागणार नव्हते, उलट वाचणार होते. उत्तर मिळालं, "सर, वरून खोलीचं उद्दिष्ट आलंय." वरून म्हणजे कुठून, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

यंत्र नाल्यात उतरलं तेव्हा मल्हारराव तिथं जाऊन उभे राहिले. या वयात, त्या उन्हात, गुडघ्याला पट्टा बांधून. यंत्राच्या दाताला लाल माती लागली तसा त्यांनी हात वर केला. यंत्र चालवणारा भला माणूस होता. त्यानं यंत्र थांबवलं, खाली उतरला आणि म्हणाला, "सर, मला खोली सांगितलीय. रंग नाय सांगितला." त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब काय बोलले ते मल्हाररावांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की तो माणूस परत वर चढला आणि यंत्र चालू झालं.

विद्यार्थी मित्रांनो, संशोधन आणि धोरण यावर तुमची चर्चासत्रं होतात, निबंध होतात. त्या माणसाच्या या दोन वाक्यांपेक्षा जास्त मला त्या विषयातलं काही कळलेलं नाही. आपण रंग शोधतो. हुकूम खोलीचा निघतो. आणि ज्याला दोन्ही कळतं, ज्याचे हात एकेकाळी लाल झाले होते, तो फोनवर असतो.

मग पहिला मोठा पाऊस झाला आणि नाला काठोकाठ भरला. जलपूजन ठरलं. मांडव पडला, पुढारी आले. पाण्याची ओटी भरायला गावातली बाई हवी म्हणून माझ्या बहिणीला नवं लुगडं नेसवून पुढं उभं केलं. तिनं खण-नारळ मनापासून वाहिला. तिला वाटलं, पाणी आलं. फोटो निघाले. पाणी दसऱ्यालाच दिसेनासं झालं. आणि नाल्याचं एकट्याचं गेलं असतं तर मी आज बोललोही नसतो. बहिणीची जी विहीर होळीपर्यंत आटत नव्हती, ती दिवाळीलाच तळाला गेली. आजूबाजूच्या सगळ्यांच्या गेल्या. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता एक गंमत ऐका, म्हणजे हसावं की डोकं आपटून घ्यावं ते तुमचं तुम्ही ठरवा. नाल्याच्या वरच्या अंगाला यंत्राचा हात मोडला होता. तिथलं काम उथळच राहिलं. साहेबांच्या दप्तरी त्यावर शेरा आहे, अपूर्ण. त्या अपूर्ण कामाच्या शेजारच्या विहिरींना आजही पाणी आहे. म्हणजे मल्हाररावांच्या सबंध आयुष्याच्या अभ्यासानं जे झालं नाही, ते एका मोडक्या यंत्रानं करून दाखवलं. मग सत्कार यंत्राचाच करायचा होता. शाल तिकडंच पांघरायची.

मल्हारराव, तुम्ही खाली मान घालून बसला आहात. मला ठाऊक आहे तुम्हाला हे आवडत नाही. तुम्ही मघाशी कानात म्हणालात, "काकासाहेब, आज नको." मग कधी? तुम्ही उद्यापासून घरी. उद्या तुमचा फोन कोण उचलणार?

मला राग विहिरीचा आहेच. पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा आहे, की साहेबांच्या खात्यानं त्या कामावर एक रंगीत पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर माझी बहीण, हातात आरतीचं ताट. आत पहिल्याच पानावर, "तज्ज्ञ मार्गदर्शन : डॉ. मल्हारराव सोन्ने." ज्या माणसानं हात वर करून थांबा म्हटलं, त्याचं नाव त्याच कामाला चिकटवलं. आपल्याकडं संशोधनाचा उपयोग म्हणतात तो हा. आधी विचारायचं नाही, मधे ऐकायचं नाही आणि शेवटी नाव छापायचं. आणि ती पुस्तिका दाखवूनच दुसरा टप्पा मंजूर झाला. धोंडखेड्याचा. वडाचीवाडीच्या खालचं गाव. सोमवारी तिथं यंत्र उतरणार आहे.

धोंडखेड्यात माझी भाची द्वारका दिलेली आहे. विहीर आटल्यापासून माझ्या बहिणीच्या घरचं प्यायचं पाणी द्वारकाच्या विहिरीवरून येतं. लाल थर तोच आहे, मल्हाररावांनी तिथंही उतरून बघितलं आहे. तो फुटला की आई आणि लेक, दोघींनी कुणाच्या दारात घागर घेऊन जायचं?

गायके साहेब, यानंतर तुमचं भाषण आहे. तुम्ही सरांबद्दल चांगलंच बोलाल, आणि ते खोटंही नसेल. तुम्ही वाईट माणूस नाही. तेच तर जास्त लागतं. वाईट माणसाशी भांडता येतं. पण तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही सही केलीत. तेव्हा बाकीचं नंतर बोला. सोमवारी धोंडखेड्यात आधी चाचणीचे खड्डे होणार की थेट यंत्र उतरणार, तेवढं या सभागृहात सांगा. तुमच्या अधिकारातली गोष्ट आहे, वरच्यांचं नाव पुढं करू नका.

प्राचार्या बाईंनी मला बोलू दिलं, मधे घंटी वाजवली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. आपण सगळ्यांनी एवढं कडू ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपले आभार. वहिनी, तुमच्या आनंदाच्या दिवशी मी मिठाचा खडा टाकला, ते पोटात घाला. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हातारपणाचा तिरसटपणा म्हणून सोडून द्या.

विहिरीची माफी मात्र मी कुणाला देऊ शकत नाही, कारण ती माझी नाही. जिची आहे ती तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसली आहे. दगडाबाई. सकाळच्या एसटीनं आली. मी म्हटलं, ताई, माझं भाषण आहे. ती म्हणाली, "तुझं कशाला ऐकू? तू लई बोलतूस. त्या साहेबाचं ऐकाया आले मी. सोमवारचं काय ते त्याच्या तोंडून ऐकल्याबिगर मी उठत नाय."

मी बसतो. साहेब, या.