आठव्या पावलाचा पाइप

हसू नका, पण आमच्या कराटेतली एक चाल अस्सल भाईंदर पूर्वेची आहे. क्लास सोसायटीच्या गच्चीवर. काता करताना, म्हणजे ठरलेल्या चाली ओळीने करताना, मध्ये पाण्याचा पाइप यायचा. म्हणून आठव्या पावलाला आम्ही पाय उंच उचलायचो.

ब्राउन बेल्टची परीक्षा काशीगावच्या हॉलमध्ये झाली. तिथे पाइप नव्हता, तरी अकराच्या अकरा पाय वर! परीक्षक म्हणाले, "हे काय?" मला वाटलं, गेलो आपण.

आमचे सर शांतपणे म्हणाले, "जपानच्या ओकिनावातली मूळ पद्धत आहे. आता फार कुणाला येत नाही."

"हां हां, ऐकून आहे मी," म्हणत परीक्षकांनी सगळ्यांना पास केलं.

परवा सोसायटीने तो पाइप काढला. मी सरळ पाऊल टाकलं, तर सर खेकसले, "मॅडम, पाय! ओकिनावात असं चालत नाही!"