पुढचा चोर सापडेपर्यंत

आधी हे लिहून घ्या की मी दगडफेक्या नाही. समोरच्या चाळीतली जाईबाई मला दोन वर्षे तेच म्हणत आली, आता ठाण्यावर येऊनही तिने तेच सांगितले. गोळीबाराच्या वर्षी मी मुंबईत नव्हतोच. समितीच्या सभांना मी गेलो असेन, पण या प्रकरणाचा त्याच्याशी संबंध नाही.

माझे नाव भिवा गुणाजी घाडी, वय २३, शिक्षण मराठी दुसरी, धंदा भिलाई येथे पोलाद कारखान्याच्या बांधकामावर खलाशी, म्हणजे लोखंडी तुळया दोरांनी वर चढवणारा, हल्ली रजेवर, मुक्काम बापाच्या खोलीत, लालबाग. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझी बहीण शेवंती माझ्याहून एक वर्षाने मोठी आहे. आई नाही. बाप गिरणीत होता, आता छातीमुळे घरी असतो. शेवंतीला तीन स्थळांनी नाही म्हटले. चौथे स्थळ या जाईबाईच्या मुलाचे, नाव जयवंत, गिरणीत टाइमकीपर. त्यासाठीच मी रजा टाकून आलो. जाईबाईचा निरोप आला की पोहे-बिहे नकोत, पाटावर बसली की कुठलीही पोरगी चांगली दिसते. रविवारी वाडीवर चला, कामाला कशी आहे ते बघते.

परळहून शिवडीकडे उतरताना अप्पा त्रिलोकेकरांची जांभळाची वाडी आहे. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने तोडायचे आणि फाटकात वजन करून न्यायचे, अशी तिथली पद्धत. सगळे घरचीच माणसे बघतात. अप्पा तराजूवर असतात, सून टोपल्या देते, आणि अप्पांची विधवा बहीण पद्मजाबाई फाटकात स्टुलावर बसून जिभा बघते. तोडा किती पण, वाडीत एकही तोंडात टाकायचे नाही. जांभूळ खाल्लेली जीभ लपत नाही. जी सापडेल तिने पद्मजाबाईच्या पायाशी बसायचे आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला जीभ काढून दाखवायची, पुढचा चोर सापडेपर्यंत. लोकांना याची गंमत वाटते. काही माणसे जांभळे न घेता नुसती तेवढे बघायला येतात.

आम्ही दुपारी जेवून गेलो. शेवंती शिडीवर चढली. जाईबाई खाली उभी राहून सांगत होती, "वरची काढ गो, खालची पोरांनी चिवडलेली." मग जयवंताला ऐकू जाईल असे म्हणाली, "हात लांब आसत. रंगाचा काय करायचा ता बघूया." जयवंत टोपली धरून उभा होता. तो हसला.

टोपली भरल्यावर जाईबाईने एक मोठे जांभूळ पदराला पुसून शेवंतीपुढे धरले. शेवंती नको म्हणाली. परत धरले, परत नको म्हणाली. तेव्हा जाईबाईने ते स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातले आणि म्हणाली, "सासूच्या हातचा नाय म्हणू नये." मी शिडी उतरवत होतो, हे मी माझ्या कानांनी ऐकले. आमच्यात मुलगी पसंत पडली की सासू तिचे तोंड गोड करते. शेवंतीने ते खाल्ले आणि वाकून पाया पडली. मी घरी जाताना पेढे न्यायचे ठरवले.

फाटकात पद्मजाबाई म्हणाल्या, "जीभ." शेवंतीने दाखवली.

"कुणी दिलं?"

शेवंतीने जाईबाईकडे बघितले. जाईबाई म्हणाली, "मी कित्याक भरवू? ती काय माझी सून झाली?" तिची स्वतःची जीभ स्वच्छ होती. मी मध्ये पडून खरे ते सांगितले. पद्मजाबाई म्हणाल्या, "भाऊ दुसरं काय सांगणार?" अप्पा तराजूवरून म्हणाले, "मी माझ्या नातीलासुद्धा बसवलंय. बस बाळ, रडायचं नाही त्यात."

शेवंती बसली. मी टोपलीतली चार जांभळे खाल्ली आणि माझी जीभ बघा म्हणालो. पद्मजाबाई म्हणाल्या की पुरुषांच्या जिभा त्या बघत नाहीत, तंबाखूत जांभूळ कळत नाही. सुनेने शेवंतीसाठी तांब्या आणला तर पद्मजाबाईंनी परत पाठवला. पाणी प्यायली तर रंग जाईल, म्हणाल्या.

त्या दिवशी परळला समितीची सभा होती, त्यामुळे माणसे लवकर निघाली. फाटकात बसलेली मुलगी दिसली की बायका मागेच थांबून पदराने जिभा घासायच्या. त्यामुळे दुसरी कोणी सापडेना. बाहेर जाणाऱ्यांत चाळीतली ओळखीची माणसेही होती. शेवंती प्रत्येकाला जीभ दाखवत होती.

जाईबाई घरी गेली नाही. समोर ओट्यावर बसली होती. "बघते किती वेळ बसता," म्हणाली. मी जयवंताला म्हटले, "अरे, एक शब्द बोल." तो म्हणाला, "बायकांच्यात मी पडत नाही."

मग मी टोपलीतून मूठभर जांभळे घेतली, जाईबाईचा जबडा धरला आणि तोंडात कोंबली. बिया होत्याच. दोन दात पडले. कोणी मला शिकवले नव्हते, मी दारू प्यायलो नव्हतो. हात माझा होता.

पद्मजाबाई उठून आल्या. त्यांनी जाईबाईची हनुवटी उजेडाकडे वळवली, बघितले, आणि शेवंतीला म्हणाल्या, "तू सुटलीस. ऊठ."

शेवंती उठली ती जाईबाईकडे गेली. पदराने तिचे तोंड पुसले. मला म्हणाली, "भिवा, तू जा हयसून."

काल माझा चुलता कोंडीराम जाईबाईचा निरोप घेऊन आला. मुलगी पसंत आहे. खोटा आळ घेऊन बसवली तरी तोंडातून शब्द काढला नाही, अशीच सून हवी होती, असे ती म्हणते. तक्रार मागे घेईल. अट एवढीच की मी लग्नाला यायचे नाही आणि पुढेही तिच्या दारात पाय ठेवायचा नाही. शेवंती हो म्हणाली. मी तिला विचारले, का. ती भांडी घासत होती. म्हणाली, "पाचवो कोण येतलो?"

अट मला कबूल आहे. जयवंताचा कान पिळायला माझ्या जागी कोंडीरामचा मुलगा उभा राहील. लग्नाच्या आधी मी भिलाईला परत जात आहे.

जमादारांनी हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तेच आहे, खाली अंगठा न देता सही करतो. आणखी काही सांगायचे आहे का विचारल्यावरून एवढेच, की जाईबाईच्या दोन दातांबद्दल मी भिलाईहून मनिऑर्डरने पस्तीस रुपये पाठवीन.