चौथ्यांदा अडकलेली सिस्टीम

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे सत्तरीचं एक जोडपं उभं होतं. काकांच्या कवेत टॉवेलात गुंडाळलेला जुना सीपीयू होता. मेकॅनिकनं तो लावून पाहिला.

"काका, नवी सिस्टीम टाकताना परत अर्ध्यातच अडकलीय. चौथ्यांदा! मध्येच वीज जाते का हो तुमच्याकडे?"

"जाते ना. नेमकी ऐन वेळेला जाते."

"अहो, खोटं कशाला बोलता? भाऊ, बटण मी बंद करते."

"काकू! स्क्रीनवर एवढं ठळक लिहून येतं, बंद करू नका म्हणून!"

"वाचता येतं मला. पण ते टक्के बघत हे दिवसभर तिथेच. ताट निवून जातं, हाकेला ओ नाही. डोकंच फिरतं माझं."

"मग ठेवून जा. संध्याकाळपर्यंत मीच सिस्टीम टाकून देतो."

"नको, नको. मी घरीच टाकीन."

"अहो काका, काकू परत बंद करतील!"

"करू दे की. बंद केलं, की हिला चुटपुट लागते. मग दोन कप चहा घेऊन येते आणि तासभर माझ्याशेजारी बसते."

"चारचौघांत काय बोलावं, काही पोच आहे का तुम्हाला? चला घरी. आणि नीट धरा तो, टॉवेल सुटतोय."