अडीचशे घोडे आणि एक टिकली

हेमांगी : अडीचशे घोडे आहेत ना पप्पा हिच्यात? त्यातला एकच बाहेर सोडा. मी त्याच्यावर बसून धुळ्याला जाते.

पप्पा : बोनेटमधून वाफ निघतेय आणि तुला चेष्टा सुचते, हेमा.

हेमांगी : मग रडू का? आठ वाजून पाच मिनिटं झालीत. साडेनऊला क्रीडा संकुलाचं गेट बंद. थाळीफेकीची विभागाची निवड वर्षातून एकदा असते, तुमची जर्मन गाडी मात्र महिन्यातून दोनदा बसते.

पप्पा : बसली नाही. मी थांबवली.

हेमांगी : हो ना. तिनं विनंती केली, तुम्ही मान दिलात.

पप्पा : यावलपासून इथवर कशी आली, सांग! एरंडोल कधी गेलं कळलं तरी का तुला?

हेमांगी : एरंडोल नाही कळलं. पण यावलातला एकेक गतिरोधक पाठ आहे. प्रत्येक ठिकाणी आई खाली उतरते, गाडी पुढे जाते, आई मागून चालत येते. लोक विचारतात, भांडण झालं का म्हणून.

पप्पा : खालून घासते, त्याला काय करणार? स्पोर्ट्सची गाडी आहे.

हेमांगी : आणि उन्हाळ्यात ती आपल्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये झोपते. आपण गच्चीवर, ती एसीत. माझ्या ट्रॅकसूटलासुद्धा पिकल्या केळीचा वास येतोय. पंच विचारतील, खेळाडू कोणती आणि घड कोणता?

पप्पा : काल रात्री तर तूच मागे लागली होतीस. गाडीनेच जायचं, एसटी नको.

हेमांगी : ...चुकलं. माणूस चुकतो.

पप्पा : माझं ऐकलं असतं तर पाचच्या एसटीनं आता धुळ्यात असतो.

हेमांगी : बरं, ते सोडा. तो मागचा ढाबेवाला कोणाला तरी फोन करतो म्हणाला होता, त्याचं काय झालं?

पप्पा : तोच आला वाटतं, मोटारसायकलवर.

झुलाल : राम राम भाऊ. मी झुलाल. मुकटीले ट्रॅक्टरनं गॅरेज शे मन्हं. ढाबावाला म्हणे, रस्तावर एक फॉरेननी गाडी वाफ सोडी राहिनी.

पप्पा : राम राम नाना. पण ही ट्रॅक्टरसारखी नाही बरं का. हिला नाशिकलाच न्यावं लागतं. तुम्ही फक्त बघा.

झुलाल : बघस ना. हाई झाकण...

पप्पा : हात लावू नका!

झुलाल : बरं. मंग काय, फुकी दुरुस्त करू?

हेमांगी : नाना, आधी हात धुवा, मग परवानगीचा अर्ज लिहा. आमच्याकडे असंच असतं. मला सीटवर बसायच्या आधी चप्पल झटकावी लागते.

पप्पा : तुला नाही कळायचं. ट्रकवर होतो तेव्हा दिल्लीच्या मंडईत एका शेठच्या अशाच गाडीला टेकून उभा होतो. नुसता टेकलो होतो. शेठ धावत आला, सगळ्यांसमोर ओरडला, हात लावू नको, ड्रायव्हर. वीस वर्षं झाली.

हेमांगी : आणि आता तुम्ही धावत जाता नानांवर. सेम टू सेम, फक्त शेठ यावलचा.

(पप्पा बोनेटसमोरून बाजूला होतात.)

झुलाल : पोर तिखी शे भाऊ.

पप्पा : थाळीफेकीत जिल्ह्यात पहिली आली तेव्हापासून जास्तच. बघा नाना. लावा हात.

झुलाल : दखा. पानी बठ्ठं वाही गये. हाऊ पाईप प्लास्टिकना शे, चिरी गया. आठ दिनपाईन थेंब थेंब गळत व्हई.

पप्पा : सगळं पाणी गेलं? आठ दिवस? मला काहीच दिसलं नाही.

झुलाल : गाडीनी सांगं नही? आते तं या गाड्या सांगतीस म्हणे. पानी कमी, तं दिवा लागस.

पप्पा : दिवा लागला असता तर मी काढली असती का बाहेर? एक ठिपका दिसला तरी मी हिला आठवडा आठवडा हलवत नाही. विचारा हेमाला.

हेमांगी : हं.

पप्पा : मोठ्यानं सांग ना. एरवी तर तोंड थांबत नाही.

हेमांगी : नाही हलवत.

झुलाल : आवाज बी नही करा?

पप्पा : टुंगटुंग करायची अधूनमधून. मला वाटलं, बेल्टची. म्हणून हिला दोनदा बेल्ट लावायला लावला.

झुलाल : किल्ली फिरवा बरं. नुसती. इंजिन चालू नका करू... भाऊ, हाई काय चिकटेल शे काचवर?

पप्पा : कुठे?

झुलाल : मीटरवर. लहानशी. टिकली शे! गाडी सवाशीण शे का तुमनी?

पप्पा : टिकली?

झुलाल : आनि तिन्हा मांगे दखा, कसा लाल लाल पेटी राहिना. हाऊच दिवा. कोणी झाकी ठेवा? हाई तं देखता माणूसना डोळावर पट्टी बांधानं काम व्हयनं. दोन किलोमीटर आखो चालती तं इंजिन कायमनं गये व्हतं.

(पप्पा टिकली नखानं हळूच काढतात. काळी, मसुराच्या दाण्याएवढी. हेमांगीच्या कपाळाकडे बघतात आणि टिकली शर्टाच्या खिशात ठेवतात.)

झुलाल : कोणी लाई, भाऊ?

पप्पा : मीच.

झुलाल : तुम्ही?

पप्पा : दिवा डोळ्यात जायचा. लावली. विसरलो.

झुलाल : आमना ट्रॅक्टर बरा मंग. तो बोलत नही, पन त्याले कोणी टिकली बी लावत नही. इतली महागनी गाडी आनि काम काय, तं पोरंसोरंनं.

पप्पा : बोला नाना, बोला. चुकलंच माझं.

हेमांगी : पप्पा...

पप्पा : तू डिकीतून थाळी काढ. बूट काढ. साडेआठ होत आले. नाना, धुळ्याची एसटी कधी?

झुलाल : भुसावळनी येस आते. मी हात दाखाडस, कंडक्टर वळखना शे. पन गाडी?

पप्पा : तुम्ही न्या. ट्रॅक्टरला बांधून न्या गॅरेजवर. ही घ्या किल्ली.

हेमांगी : गाडी सोडून? पप्पा, तुम्ही मावशीच्या लग्नात जेवायला गेला नव्हता, हिच्याजवळ बसून होता. आईनं ताट बाहेर पाठवलं होतं.

पप्पा : तेव्हा तुझी निवड नव्हती.

झुलाल : भाऊ, नवा पाईप माले भेटाव नही. जुना कापीसन जोडस. पन हात लावना पडी.

पप्पा : लावा नाना. दोन्ही लावा.

झुलाल : ई राहिनी एसटी! पळा! माय, लांब फेकजो! मुकटीमा मन्हा ट्रॅक्टरवर पडी इतली लांब!

पप्पा : चढ. थाळी इकडे दे, मी घेतो मांडीवर. खिडकीजवळ बस.

हेमांगी : पप्पा.

पप्पा : कंडक्टर, धुळे दोन. हिचं अर्धं.

हेमांगी : पप्पा, ऐका ना.

पप्पा : काल कोचनी काय सांगितलं? फिरताना डावा पाय आधी का उजवा?

हेमांगी : ती टिकली आईची नाही.

पप्पा : माहीत आहे. आई लाल लावते, रुपयाएवढी.

हेमांगी : गुरुवारी गाणी लावायला बसले होते गाडीत. तेव्हा दिवा लागला. मला वाटलं, तुम्ही बघितलं तर शनिवारी गाडी काढणार नाही. मी म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. दिवाच तर आहे.

पप्पा : हं.

हेमांगी : ओरडा ना. नानांनी तुम्हाला पोरंसोरं म्हटलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत. माझ्यावर ओरडा, मला बरं वाटेल.

पप्पा : ओरडीन. संध्याकाळी. आता ओरडलो तर थाळी वाकडी जाईल.

हेमांगी : तुम्हाला विचारायचं नाही, का लावली ते?

पप्पा : गाडीची तर सारखी टिंगल करतेस. एसटीनं चल म्हटलं तेव्हा आनंदानं यायला हवी होतीस. म्हणून जरा नवल वाटलं खरं.

हेमांगी : नाशिकच्या पोरी येतात. त्यांचे कोच येतात, गाड्या येतात. मागच्या वर्षी मी स्टँडवरून चालत गेटवर पोचले तेव्हा एकजण म्हणाली, यावल कुठे आलं? मला फक्त एकदा... गेटसमोर गाडी थांबली पाहिजे होती. तुम्ही चालवत. मी आतून उतरणार. बस, तेवढंच.

पप्पा : तेवढंच?

हेमांगी : दार जरा जोरात लावणार होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पप्पा : दार जोरात लावलेलं मला चालत नाही, माहीत आहे ना?

हेमांगी : माहीत आहे.

पप्पा : एसटीचं दार मात्र जोरातच लावावं लागतं. नाहीतर लागत नाही.

हेमांगी : पप्पा, एसटी स्टँडवर थांबते. तिथून संकुल लांब आहे.

पप्पा : तिकीट घेतानाच कंडक्टरच्या कानात सांगितलंय मी. गेटसमोर थांबवतोय.