पांदनीत बसलेली गाडी

दोन हजार तेवीस साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा होतो. रोहिणखेडच्या शिवारातला माहा जलम, दुसरीपर्यंत शाळा, मंग बैलामागे जो लागलो तो आजवर. पन कोनापुढे मान खाली घातली नाही, हे लिहून घ्या.

गजानन माहा एकुलता एक पोरगा, पुन्यात असते. त्यानं त्या दिवाळीले गाडी आनली, जुनीच पन इलायती, लांब पाठीची, तिले स्टेशन वॅगन म्हनतात म्हने, आख्खं घरदार सामानासकट मावते अन् पळते तर अशी का छातीवर हात ठेवून कोनी मागे रेटून राह्यलं असं वाटते. म्हने बाबा, हिचे चारही चाकं ओढतात. मी गावभर तेच सांगत फिरलो. एक जन म्हने बुढ्या, पोट टेकते तिचं, गाभन म्हशीवानी. मी म्हनलं तुह्या पोटात काऊन दुखते बे.

आमचं घर वावरात. सडकेवर जाले दोन वाटा, एक लहान भाऊ नामदेवच्या खळ्यातून, चांगली पक्की, अन् दुसरी पांदन, वावराइमधली मातीची. नामदेवच्या पोरीच्या लग्नात सगळ्याइले फेटे बांधले अन् मले, मोठ्या भावाले, बांधाचा राह्यला. तो म्हने दादा चुकलं, आता बांधतो. मी म्हनलं राहू दे. तवापासून अकरा वर्षं त्याच्या खळ्यात पाय नाही टाकला. त्यानं कधी आडवलं नाही हो, मीच.

दिवाळीच्या पाडव्याले सकाळी सुभद्रा, माही बायको, चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडली. तोंड वाकडं, उजवा हात पडला. गजाननानं उचलून गाडीत टाकली, म्हने काकाच्या खळ्यातून काढतो. मी गाडीपुढे आडवा झालो, काय सांगू तुमाले. म्हनलं पांदनीनं चाल, चारही चाकं ओढतात ना तिचे. तो म्हने बाबा, गाडीचं पोट खाली आहे, टेकन. म्हनलं मी सांगतो ना, अन् गाडीत पुढच्या शिटावर जाऊन बसलो. आदल्या दिवशी हरबऱ्याले पानी मीच सोडलं होतं, ते फुटून पांदनीत आलं, हे ध्यानातच नाही राह्यलं.

अर्ध्या वाटेत गाडी चिखलात बसली. काळी माती अशी लपेटली का चाकं दिसेनात, चारही फिरून राह्यले अन् चारही जागच्या जागी. मागून सुभद्रा मले काहीतरी म्हनून राह्यली होती, समजे नाही. गजानन जलमात पयल्यांदा मले म्हने, उतर बे बुढ्या, अन् काकाकडे पळाला. नामदेव ट्रॅक्टर अन् साखळी घेऊन आला, चिखलात उतरून साखळी लावली. निघता निघता दीड तास गेला.

बुलढान्याचा डॉक्टर म्हने लवकर आनलं असतं तर बोलली असती. जीव राह्यला, बोलनं गेलं, ते आजवर गेलंच. गाडीत काय म्हनत होती, ते आता कोन सांगन.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजानन मायपाशी बसला होता, माह्याकडे पाहे नाही. मी खाली आलो. गाडी दवाखान्याच्या आवारात उभी, चाकाइवरची माती वाळून ईट झालती. एक काडी उचलली अन् कोरत बसलो. चौकीदार आला, म्हने बाबा, इथं घान नका करू, आत्ताच झाडलं. मी डोक्यावरची टोपी काढली, चाकाखाली धरली, अन् तिच्यात माती भरू लागलो.