काकांच्या स्वेटरमधला स्पिनर

हलू नका काका, प्लीज, फोटो काढताना बसतात तसे बसून राहा — नाही, तुम्हाला लागलेलं नाही, नुसता गळ स्वेटरला अडकलाय, मानेच्या खाली — मला दिसतंय ना, रक्त वगैरे काही नाही, रक्त असतं तर आत्तापर्यंत मीच आडवी झाले असते. त्या रानबदकाचं काम हे. मी रॉड मागे नेला आणि ते नेमकं माझ्या कानाशी ओरडलं, आणि मी दचकते हो — टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी दचकते, माझी रूममेट चैत्राली टोस्ट लावायच्या आधी मला तसं सांगते. सुलेखामावशी तुम्हाला म्हणाल्याच असतील, मोनाली हुशार आहे पण जरा घाबरते. जरा कसली. बरं, काकू आणि प्रफुल्ल थर्मास आणायला गाडीकडे गेलेत ना? पार्किंग लांब आहे, तेवढ्यात काढते. मुलगी बघायला एवढ्या लांब आलात आणि मुलीनं सासऱ्यालाच गळाला लावलं — म्हणजे होणाऱ्या — म्हणजे झालंच तर — मी गप्पच बसते. नाही, बसत नाही, बोलले नाही की माझे हात चालत नाहीत.

कात्री? नको नको, काकूंनी अमेरिकेसाठी खास विणलाय हा, गाडीत दोनदा सांगितलं त्यांनी. हळूहळू निघेल. हा स्पिनर आहे, काका. हे पातं आहे ना, ते पाण्यात ह्या तारेभोवती फिरतं आणि माशाला वाटतं कुणीतरी छोटा मासा चाललाय. मागे हा झुपका, खारीच्या शेपटीच्या केसांचा, आणि त्यात लपलेला हा गळ, तीन तोंडांचा. दोन तोंडं तुमच्या स्वेटरमध्ये आहेत. तिसरं माझ्या बाहीत — आत्ताच गेलं, काही नाही, होईल. फक्त आता उठू नका, दोघांनाही उठावं लागेल.

माझा सगळ्यात आवडता स्पिनर हाच, खरंच, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऊन असलं की चंदेरी लावायचा, ढग असले की पितळी, आणि आजच्यासारखं पाणी गढूळ असलं की हा, काळ्या पात्यावर पिवळे ठिपके. माशाला नीट दिसत नाही पण जाणवतो — पात्याची ती थरथर पाण्यातून जाते, आणि रॉडमधून आपल्या मनगटापर्यंत येते, इतकं छान वाटतं ते. आणि ह्या नदीतला स्मॉलमाउथ बास म्हणजे काय, डोळे लाल, अंग जुन्या पितळेच्या भांड्यासारखं, दगडाआड दबा धरून बसलेला, तोंड नावाप्रमाणे लहान पण तोरा केवढा. त्याच्यासाठी रीळ सावकाश फिरवायचं, पातं जेमतेम फिरेल इतकंच, घाई केली की संपलं. प्रफुल्ल घाईच करतो. दर वेळी सांगते त्याला, मागच्या उन्हाळ्यात तर —

म्हणजे करत असतील. त्यांच्याकडे बघून वाटतं तसं.

नाही काका, आज पहिल्यांदाच भेटतोय. पार्सिपनीच्या सुलेखामावशींनीच स्थळ सुचवलं ना. एकाच युनिव्हर्सिटीत होतो हे खरं, पण इथे इतकी मुलं, कोण कुणाला ओळखतो. ते नोकरीला दुसऱ्या गावाला जाईपर्यंत आम्ही रोज एकाच बसने — एकच बस आहे हो आमच्या बाजूला, सगळेच त्याच बसने जातात, एक चायनीज प्रोफेसरसुद्धा.

असं वळून बघू नका. गळ रुततो.

बरं, ओळखतो आम्ही. चांगलेच ओळखतो. हा स्पिनरचा डबा त्याचाच आहे. काकूंना सांगू नका, पाया पडते तुमच्या — आत्ता बाहीमुळे वाकता येत नाही, पण मनातून पडते. फसवायचं नव्हतं हो आम्हाला. पण प्रफुल्लने स्वतः निवडलेलं काही काकूंना कधी पसंत पडलंय का, तुम्हीच सांगा. सोफा परत करायला लावला. हिरवी गाडी घेतली तर तिला भाजीची गाडी म्हणतात. मग मी कशी पसंत पडणार? म्हणून त्यानेच ठरवलं, मुलगी आईनेच शोधली असं आईला वाटू दे. फोटो मावशींकडून नागपूरला पोचवला, आणि काकूंनी तो पसंत केल्यावर त्यानेच वर आठवडाभर खोटी कुरकुर केली, मुलगी घाबरट दिसते म्हणून. त्यावर तर काकू हट्टालाच पेटल्या. आता त्यांना खरं कळलं ना, तर मीही सोफ्याबरोबर गेले.

तुम्हाला खोटं खपत नाही, माहितीय मला. बाबा तत्त्वाचे, असं तो नेहमी म्हणतो. एक ते अंबाझरीचं सोडलं तर — रविवारी ऑफिसात जादा काम आहे सांगून तुम्ही त्याला तलावावर न्यायचात, सायकलच्या दांडीला बांबूची काठी बांधून, खिशात कणकेच्या गोळ्या — आणि पकडलेला मासा बाजारातून आणला म्हणून काकूंच्या हातात द्यायचात, आणि काकू वास घेऊन म्हणायच्या, फसवलं तुम्हाला, शिळा आहे. इतकं हसतो तो हे सांगताना.

काका?

लागलं का तुम्हाला? नाही? मग एकदम असे — अच्छा. हे कुणालाच माहीत नव्हतं. काकूंना तर अजूनही — अहो, मी धमकी नाही देत, मी कुणाला काय धमकी देणार, मला फोनवरून पिझ्झा मागवायचा धीर होत नाही. सहज बोलण्यात आलं. मी म्हटलंच होतं, गप्प बसते म्हणून.

निघाला बघा. एक टाका ओढला गेलाय फक्त, कॉलर जरा वर घ्या, दिसणार नाही. आल्या वाटतं त्या, झाडामागून आवाज येतोय. काय म्हणालात? — हो. — हो, कळलं. — तुम्हीही सांगायचं नाही, मीही नाही.

या ना काकू. नाही, काही झालं नाही, काकांना स्पिनर दाखवत होते. ते म्हणतात, त्यांना माशांमधलं काही म्हणजे काहीच कळत नाही.